ओल्या लाकडाचा आवाज

अगं, माझ्या जावयाची अक्कल ऐक. तिकडे परदेशी, स्टॅनमोरच्या घरात हौसेने लाकडावरची शेगडी बसवली, आणि लाकूड जास्त वेळ पुरावं म्हणून तिची हवा कोंडून ठेवायचा.

म्हटलं, "विनयराव, लाकूड ओलं, त्यात हवा बंद. धुराड्यात डांबर साचतंय. एक दिवस पेट घेईल, आणि वरच्या खोलीत तुमची लेक झोपते."

"आई, ही तुमची गावची चूल नाही. मॉडर्न स्टोव्ह आहे."

मी दोन ओंडके उचलले आणि एकमेकांवर आपटले. थप्प!

"सुकलेलं लाकूड खणखणतं. मी चौथी शिकले, पण लग्नापर्यंत चूलच फुंकली."

तो हसला. मी माझ्या लेकीला दटावून धुराडं साफ करणारा बोलावला. त्याने बादलीभर काळी, चकचकीत खपली काढली आणि जावयाला विचारलं, "घरात बाळ आहे ना? ओलं लाकूड जाळू नका, हवा उघडी ठेवा."



परवा वखारीतून जावयाचाच फोन. "आई, ऐका हं." खण्! खण्! "घेऊ ना?"

म्हटलं, "हे वरचे झाले. आता ढिगाच्या तळातले वाजवा."