लोह त्याचं तोडलं, उपास मला

...बायको कुठे गेली म्हणून काय विचारता, कुठे गेली नाहीये ती, प्रयोगशाळेत परजीव्यापाशी असते! हसू नका! गाईंचा गर्भ पाडणारा तो परजीवी, पेशी एकच, नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि संसारात शिरला की हो माझ्या!

ही सांगते, "अहो, त्याच्या पोटात बारक्या भट्ट्या असतात, त्या लोहावर चालतात. लोह तोडलं, म्हणजे मिळूच दिलं नाही, की भट्ट्या विझतात, मग बिचारा साखर फस्त करत कसेबसे दिवस काढतो. किती साखर लागते, तेच बघतेय."

बिचारा! ऐकलंत? लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी बिचारा म्हणाली नाही! मी इथे चहात बिस्किटं बुडवून रात्रीचं जेवण उरकतो, माझ्या भट्टीचं काय? त्याचं बघायला ही, माझं बघायला कोण?

एकदा म्हटलं, आज हिला आणायचीच. पूर्वीसारखं नदीकाठी चालायला जायचं. ती बोलणार, मी "हं, हं" करणार... अहो, हं करायलासुद्धा समोर माणूस लागतं! गेलो प्रयोगशाळेत. ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. "पाचच मिनिटं हं!" तिची पाच मिनिटं म्हणजे... जाऊ दे. बाहेर धुतलेल्या बाटल्या उपड्या ठेवलेल्या, तळाला पांढुरके डाग. म्हटलं, घासून टाकू, तेवढीच लवकर सुटेल! चहाच्या मोरीवरची तारेची घासणी घेतली, जराशी गंजलेली होती, पण काय लख्ख केल्या तुम्हाला सांगतो! आणि खरंच सुटली हो लवकर. गेलो नदीकाठी. ती बोलली. मी हं केलं. स्वर्ग!

पुढच्याच आठवड्यात फोन. "इकडे या आधी!" गेलो. "अहो, उपाशी ठेवलेले हे टुणटुणीत कसे? भट्ट्या पेटल्या कशा यांच्या?"

मी छाती फुगवून, "बाटल्या मी घासल्या होत्या ना, तारेच्या घासणीनं!"

"तारेच्या? लोहाचा कणसुद्धा राहू नये म्हणून आम्लात बुडवून काढल्या होत्या हो त्या!"

झालं. सगळा प्रयोग पहिल्यापासून! म्हणजे नदीकाठ गेला उन्हाळ्यापर्यंत. मी मान खाली घालून उभा. तेवढ्यात कानावर आलं, अगदी हळुवार, "बिचारा... पुन्हा उपाशी राहावं लागणार हं तुला."

तुला! म्हटलं, चला, त्याचं बघता बघता माझंही बघायला लागली! वर बघतो, तर ही बाटली उजेडात धरून आतल्या परजीव्याशी बोलत होती.

...बिस्किटं आहेत का हो कुणाकडे? गोड चालतील.