रिमोटची वायर

मालाडच्या गॅरेजात स्कूटर दुरुस्त होईपर्यंत बाकावर बसलो होतो. शेजारी साठीतलं जोडपं होतं. समोर त्यांच्या जीपला विंच बसवत होते. रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र. बाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"एवढं धूड कशाला हो?" बाईंनी नवऱ्याला विचारलं.

"मनोरीला वाळूत रुतलो, तेव्हा धक्का मारायला उतरून हात कोणी मोडून घेतला? आता नाही उतरायचं."

"मग करायचं काय?"

"झाडाला रुंद पट्टा बांधायचा, म्हणजे साल सोलली जात नाही. पट्ट्यात दोर अडकवायचा. दोरावर जाड गोधडी टाकायची. तुटलाच, तर उसळत नाही, खाली पडतो."

"तुटतो?"

"क्वचित गं. म्हणून तू लांब उभं राहायचं."

"आणि तुम्ही?"

"मी गाडीत, विंचचा वायरवाला रिमोट घेऊन. बॉनेट उघडं ठेवायचं, आडोसा होतो."

"पत्र्याचा आडोसा?"

"कुंदा, मी शिकून घेतलंय सगळं."

"मग मला शिकवा. मी गाडीत बसते, तुम्ही लांब उभे राहा."

"हा हात घेऊन?"

"बटणच दाबायचंय ना? डावा शाबूत आहे."

"ते नाही चालणार."

"मग मला लांब पाठवलेलंही नाही चालणार."

मग बाईंनी मेकॅनिकला हाक मारली.

"अहो दादा, रिमोटला यापेक्षा लांब वायर मिळते का?"

"मिळेल ना काकू. केवढी पाहिजे?"

"आम्हाला दोघांनाही लांब उभं राहता येईल, एवढी."