वाळूतली मैना

आखातातल्या अल बर्शा वस्तीत, दातांच्या दवाखान्यात पॉलिन आपल्या नंबरची वाट बघत होती. शेजारचे गृहस्थ लेकीची शाळेची कादंबरी वाचण्यात बुडाले होते. ते अचानक मराठीत बोलले, तसा पॉलिनचा फोन आपसूक पर्समध्ये गेला.

“ईश्वरी, काय लिहिलंय गं! कॅनडातलं एवढंसं गाव. चहूकडे नुसतं गवत आणि वारा. तिथे एक पोरगा मोठा होतो, बस. पण काय लिहिलंय!”

“बाबा, यू सेड इट वॉज बोरिंग.”

“सुरुवातीला वाटलं. पण ते मेलेलं कोकरू बघून तो मुकाट्याने घरी येतो ना, तिथे आपण खलास!”

“आय हॅड अ मैना.”

“कुठली मैना?”

“डेड वन. बिल्डिंगच्या मागे. आय बरीड हर इन द सँड.”

“अगं, मग मला नाही सांगितलंस?”

“आय डिड. यू सेड, आधी डेटॉलने हात धू.”

गृहस्थांनी पुस्तक मिटलं. बोट मात्र पानातच राहिलं.

“जागा आठवते?”

“ऑफ कोर्स. कडुनिंबाखाली.”

“जाताना दाखव मला.”

पॉलिनला राहवेना. परक्या मुलखात मराठी माणूस भेटला की पहिलं जे विचारतात, तेच तिने विचारलं.

“तुमचं गाव कुठलं हो?”

“संगमेश्वर,” ते सवयीने म्हणाले. मग लेकीकडे बघत राहिले. “म्हणजे, माझं. हिचं बर्शा.”