टेपवरची अम्मा

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली कोल्हापूरच्या स्टँडवर हुपरीच्या गाडीसाठी उभा होतो. रांगेत माझ्या पुढं दोन बायका बोलत होत्या.

"रशिदा, तू इकडं कुठं गं?"

"विद्यापीठात गेलते, बयाक्का. अम्माच्या जात्यावरच्या ओव्या तिथल्या सरांनी टेप करून नेलत्या की. त्यानंतर आठच दिवसांत ती गेली. म्हटलं, एकदा आवाज तरी ऐकावा."

"ऐकवला?"

"व्हय. समोर बसून गातीया असंच वाटलं. आन् मधीच थांबून म्हणती, ‘आले गं आपा, एवढी ओवी सरू दे.’"

"आपा म्हंजे तुझ्या अम्माची थोरली भन, तुझी खाला?"

"तीच."

"अगं, ती जाऊन बारा वर्सं झाली!"

"सर म्हणालं, ‘तुमची आई कुणाला बोलली? आम्हाला हाक ऐकू आली न्हवती. टेपवरबी न्हाय.’"

"मग तू काय सांगितलंस?"

"मीच आतनं हळू हाक मारली, म्हटलं. घरात मला सगळी आपाच म्हणायची, म्हणून अम्माबी आपा म्हणायची, असं ठोकून दिलं. त्यांनी वहीत लिवून घेतलं."

"पर तू तवा सासरी हुतीस!"

"व्हय."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"सर म्हणालं, ‘कुणाला बोलली ते कळत न्हाय, ओवीतबी बसत न्हाय, तेवढं वाक्य पुसून टाकतो.’ शेवटाला अम्माजवळ कुणी न्हवतं, बयाक्का. ती एकटी गेली न्हाय, हे तेवढ्या एका वाक्यात हाय. ते कसं पुसू देऊ?"

गाडी लागली. बयाक्कानं रशिदाचा हात धरला, आणि चढेपर्यंत सोडला नाही.