मागच्या दारानं आलेल्या माना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या कामगार कल्याण समितीचे प्रमुख माननीय हौसेराव साहेब, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो त्या डॉक्टर नमिताताई, बाजारातले माझे हमाल बांधव आणि उजव्या हाताला बसलेल्या माता-भगिनींनो,

मी बाबासो जगदाळे, वाशीच्या धान्य बाजारात टोळीचा मुकादम. पोती मोजायची सवय आहे, शब्द मोजायची नाही. तेव्हा लांबण लागली तर साहेबांनी खुशाल घंटी वाजवावी.

आत्ता स्वागताचा हार घातला तेव्हा मी मान वाकवली. तुमच्या ध्यानातही आलं नसेल. पण दोन वर्षांमागं, पंच्याण्णव साली, ह्याच सभागृहात हार घालायला आले, तर मी खांबासारखा ताठ. लोक म्हणाले, बाबासोला मुकादमकीचा माज चढला. मी ते चालवून घेतलं. माजोरी म्हणवून घेणं परवडत होतं, मान दुखते म्हणणं परवडत नव्हतं. मान गेल्यावर हमालाकडं राहतं काय? दुसऱ्या दिवशी टोळीत त्याच्या जागी दुसरा उभा असतो.

शेवटी समितीच्या ऑफिसमागं ह्या ताईंची उपचाराची खोली होती, तिथं गेलो. पुढच्या दारानं नव्हे, मागच्या, बारदानाच्या थप्प्यांआडून. तळवली गावची ही पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची, म्हणाली, काका, शर्ट काढून पालथे झोपा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि हिनं मानेला हातच लावला नाही. खांद्यामागच्या दोन फऱ्यांच्या मधे, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, तळहातानं दाबायची, थांबायची, पुन्हा दाबायची. मी म्हटलं, ताई, दुखतंय वर आणि तुम्ही दाबताय खाली.

तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, तुमची वरची पाठ आखडलीय. ती वळत नाय, म्हणून तिचं पन काम एकटी मान करते. दुखते तिला अजून कशाला दाबायचं? जी काम करत नाय तिला हलवूया."

हे मला चटकन पटलं. टोळीत दोघं अंग चोरायला लागले की तिसऱ्याची कंबर मोडते, आणि आम्ही मुकादम त्या तिसऱ्यालाच शेक घ्यायला सांगतो. काही आठवडे ते दाबणं झालं, त्यांनी शिकवलेले व्यायाम झाले. मग एका सकाळी मागून हाक आली आणि मी अख्खा न फिरता नुसती मान वळवून बघितलं. हाक मारणाराच दचकला.

त्या बारदानाआड मला कोण कोण भेटलं ते सांगत नाही. जो तो हरवलेलं पोतं शोधायला आलेला असायचा. मीसुद्धा. एवढी पोती हरवणारा बाजार हिंदुस्थानात दुसरा नसेल. हसा, हसा, पण पुढचं ऐका.

गेल्या महिन्यात साहेबांनी इथंच विचारलं, त्या खोलीचा कुणाला उपयोग होत असेल तर हात वर करा. एक हात वर गेला नाही. मी पहिल्या रांगेत होतो. हात वर जात नव्हता म्हणावं, तर तो जाईल असा ह्या ताईंनीच केला होता. खोली बंद करायचं ठरलं. साहेबांची त्यात काय चूक? ताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी आमच्यातल्या एकाचंही नाव घेतलं नाही. आणि आज आम्ही त्यांना शाल पांघरतोय. मला ह्या शालीची लाज वाटते, मंडळी.

निरोपाच्या भाषणात असं कुणी करत नाही, पण तोच प्रश्न मी पुन्हा विचारतो. पहिला हात माझा. हा बघा, कानाला लागलाय. टोळीनं उद्या मला घरी बसवलं तरी चालेल. आणखी कोण?

कुणीच नाही?

थांबा. उजवीकडं एक हात दिसतोय.

रणजीतची आई? तुझी पण मान?

साहेब, ही आमची घरची, मुक्ताबाई. दिवसभर खाली मान घालून बाजारात धान्य चाळते, घरी आली की पाण्याचे हंडे जिन्यानं वर नेते. ती मला सांगायची भजनाला जाते, मी तिला सांगायचो बैठकीला जातो. एकाच घरातली दोन माणसं एकाच बाकड्यावर पालथी झोपून आली आणि एकमेकांना बोलली नाहीत. टोळीतल्या कुणाची मान कशी आहे, मला पाठ आहे. हिची कधी विचारलीच नाही. माझी मान वळत नव्हती म्हणून दिसलं नाही, असं म्हणायची सोय होती. पण ती वळायला लागूनही वर्ष उलटलं.

आता मागं बरेच हात वर झालेत. साहेब, ते मोजणं तुमच्याकडं. ताई, तुम्हीही एकदा बघून घ्या.

समितीचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल तर सभेनं पोटात घालावं. एक माफी मात्र इथं मागत नाही. ती घरी मागेन, पाणी भरून झाल्यावर. आज हंडे मी वर नेणार आहे.