तौनोचा २०२१ सालचा लेख

— नाही गं, नजरचुकीनेच राहिलं असेल, लिही तसंच. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे लेख छापण्याआधी तपासतेय मी, एखादा खोटा संदर्भ निसटणारच की! घे ना, कॉफी घे. दालचिनीचा पाव कालचा आहे, पण गरम केलाय. हेल्मी ना तू? शोधपत्रिकेच्या संपादकांनी एवढ्यासाठी हेलसिंकीहून ओउलूपर्यंत पाठवलं तुला, फोनवर भागलं असतं — म्हणजे नसतं भागलं, मी उचलतच नाही. उचलला की पलीकडून कुणीतरी म्हणतं, वीज कंपनी बदला.

काय म्हणतेस, लेखक? त्याने लेखाच्या शेवटी लिहिलं होतं की — भाषा सुधारायला एआयची मदत घेतली. घेऊ दे, त्यात काय पाप आहे? पण भाषा सुधारता सुधारता संदर्भांची यादीही त्याच्याकडूनच भरून घेतली पठ्ठ्याने, आणि एकही लेख उघडून पाहिला नाही. त्या एआयला तर माहीत नसलं तरी गप्प बसवत नाही. — हो, सदतिसावा संदर्भ. तौनो हिएताला, २०२१. आडनाव आलं तर तुझ्या लक्षात. माझा नवरा. २०१७ला गेला.

म्हणजे नजरचूक कशी होईल, सांग! स्वतःच्या नवऱ्याचं नाव — थांब, हे लिहू नकोस. बरं, लिही. सदतिसाव्यावर आले आणि हात थांबला. 'उशिरा पडणारा बर्फ आणि दलदलीतलं शेवाळ.' अगं, हाच लेख तो लिहिणार होता! निवृत्त झालो की लिहीन, निवृत्त झालो की लिहीन — नमुन्यांची खोकी अजून तळघरात आहेत. मला वाटलं, कुणाला तरी मसुदा दिला असेल, त्यांनी मागाहून छापला असेल. तीन दिवस शोधला. ग्रंथालयातल्या माणसाला कामाला लावलं. तो अंक मिळाला, तर त्या पानांवर माशांच्या खवल्यांविषयी काहीतरी. तेव्हा कळलं. शेरा लिहिला, 'हा संदर्भ अस्तित्वात नाही' — आणि पुसला. वाटलं, राहू दे. छापील पानावर त्याचं नाव, एकदा तरी, नव्याने. कुणाचं काय जातंय?

आता लेख तपासणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव जाईल. माहितेय, तो नियम करणाऱ्या समितीत मीच होते. महिन्याला दोन पत्रं येतात तुमची, 'प्रिय आउने, वेळ असेल का?' वेळ! दुसरं कोण विचारतं मला? फार एकटी पडलेय गं मी.

काय? एस्टोनियात? कोण मुलगी — पीएचडी करतेय, त्या सदतिसाव्या संदर्भाच्या नावाने लेखात दिलेल्या आकड्यावर? दोन हिवाळे? म्हणजे ती दलदलीत उभी राहून मोजत राहिली, आकडा जुळेना, आणि आपलंच चुकतंय म्हणून पुन्हा मोजत राहिली... अरे देवा. आणि आता मूळ लेखाची प्रत मागतेय.

पत्ता दे तिचा. तुम्ही नका लिहू, मी लिहिते. तू तुझ्या कागदावर लिही — दिसलं होतं, मुद्दाम सोडलं. आणि तिला मी कळवते, पोरी, तुझं मोजमाप बरोबर असेल, तो लेख नाहीच आहे, तौनो हिएताला २०१७ साली वारला. — तो गेला, हे मी अजून कुणालाच लिहून कळवलेलं नाही. — ऊठ आता. गाडी चुकेल तुझी. राहू दे तो पाव.