पत्रबाईंचा पावणेआठचा फोन

सन्माननीय अध्यक्ष आणि या कंपनीचे संचालकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या पत्रबाई, त्यांचे यजमान, आणि पंख्याचा वारा ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही ते मागच्या रांगेतले श्रोतेहो,

मला इथे ‘समाधानी ग्राहक’ म्हणून बोलावलं आहे. निमंत्रणात तसं छापलंय, त्यामुळे मी समाधानी असणारच. मी रुग्णालयात डायलिसिस विभागाची मुख्य परिचारिका. आमच्या रुग्णांच्या नोंदी या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतात.

बाई बावीस वर्षं ग्राहकांना पत्रं लिहीत आल्या. सर्व्हर बदलला आहे, वेग वाढला आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खरं सांगू? ही पत्रं वाचायचं कोण? मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर ड्यूट्या लिहायचे. बाई, रागावू नका, कागद फार चांगला असायचा.

तीन वर्षांपूर्वी असंच एक पत्र आलं. रुग्णाचं पान उघडायला चाळीस सेकंद लागायचे, ते दोनावर आले. त्या चाळीस सेकंदांत आम्ही माणसाला ‘रात्री झोप लागली का’ एवढं विचारून घ्यायचो. ती सवय मोडली. सुधारणा म्हटली की एवढं चालायचंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला आमचे शिंपीकाका खुर्चीवर बसले होते. वय चौऱ्याहत्तर. अंगातलं जादा पाणी काढल्यावर वजन किती उरायला हवं, हे ठरलेलं असतं; त्यावरून किती काढायचं ते आम्ही मशीनला सांगतो. स्क्रीनवर काकांच्या नावापुढे साडेएकोणपन्नास किलो होतं. मी आकडा भरला, मशीन सुरू केलं, आणि टेबलावरचा फोन वाजला. बाई होत्या.

“सिस्टर, स्क्रीनवरच्या वजनावर विसंबू नका. एकाचं वजन दुसऱ्याच्या नावापुढे येतंय. जुनी वही आहे का?”

“अहो, पण तुमच्या पत्रात तर वेग वाढलाय म्हणून लिहिलंय.”

“वाढलाय ना. चुकीचा आकडा दोन सेकंदांत येतो.”

मी कपाटातून वही काढली. काकांचं ठरलेलं वजन होतं एकावन्न पूर्णांक आठ. म्हणजे दोन किलोंहून जास्त पाणी जादा काढलं गेलं असतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याने हृदयाचं काय होतं, ते चहापानाआधी सांगत नाही. मी मशीन थांबवलं. काका म्हणाले, “काय गं, लाइट गेली का?”

नंतर कळलं, आदल्या दिवशी एका रुग्णालयाची तक्रार आली होती. वरून उत्तर मिळालं, ‘आधी तपासू, मग कळवू.’ बाई तपासणीसाठी थांबल्या नाहीत. सकाळी घरातूनच एकतीस रुग्णालयांना त्यांनी फोन लावले. मग तीन ओळींचं पत्र पाठवलं: ‘वजनाचे आकडे चुकीचे आहेत. चूक आमची आहे. वही बघा.’ एरवी पत्रावर चार अधिकाऱ्यांच्या सह्या लागतात. यावर एकट्या बाईंची होती.

कंपनीने त्याची योग्य ती दखल घेतली. बाईंचं टेबल सामानाच्या खोलीशेजारी हलवलं. एकाग्रतेसाठी, असं मी ऐकलं.

मग कंपनीने माझ्याकडे एक पत्र मागितलं. मी लिहिलं, ‘कोणालाही इजा झाली नाही, कारण तुमच्या बाईंनी वेळेवर फोन केला.’ पुढच्या परिपत्रकात माझ्या हुद्द्यासकट छापून आलं, ‘कोणालाही इजा झाली नाही.’ आणि ते टाइप कोणी केलं? बाईंनीच. स्वतःचा उल्लेख असलेला अर्धा भाग त्यांना स्वतःच्या हाताने गाळावा लागला.

संचालकसाहेब, जागा कमी पडली असेल, मी समजू शकते. आज मला पाच मिनिटं मिळाली आहेत, तर वाक्य पुरं म्हणते. कोणालाही इजा झाली नाही, कारण बाईंनी वेळेवर फोन केला.

शिंपीकाका आज येणार होते, पण आज त्यांचा डायलिसिसचा वार. त्यांनी निरोप दिलाय: बाईंसाठी एक जाकीट शिवायचं आहे, माप पाठवा. कागदावर लिहून, असं बजावून सांगितलंय.

आपण मला बोलू दिलंत, आभारी आहे. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे कुठे आवाज चढला असेल किंवा नको ते ऐकू गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.